मिटलेल्या मोटार एजन्सीचा माग कसा काढायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबा कोल्हापुरात स्टेशन रोडजवळच्या एका मोटार एजन्सीत हेड फिटर होते, साधारण १९५० पासून पुढे वीसेक वर्षं. एजन्सी कधीतरी बंद पडली, मालकांचं घर पुण्याकडे गेलं आणि त्या जागेत आज मंगल कार्यालय आहे. घरात एक फोटो, गाडीच्या डॅशबोर्डवरून निघालेली एक पितळी पट्टी आणि आजींच्या तोंडच्या चार गोष्टी एवढंच उरलंय. एजन्सीचं नाव इंटरनेटवर टाकून पाहिलं तर काही सापडलं नाही. मग तिचा इतिहास लिहायचा कसा?

मी पस्तीस वर्षं मोटारींच्या स्पेअर पार्टचं दुकान चालवलं. दुकान मुलाकडे दिल्यापासून सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या बंद पडलेल्या एजन्सींची माहिती गोळा करतोय. त्या अनुभवावरून लिहितो. तुमच्या मालकांचं घर खासगी आहे, म्हणून एजन्सीचं नाव इथे घेत नाही.

अडचण कुठे आहे ते आधी सांगतो. तुम्ही नाव धरून शोधताय, आणि मोटार एजन्सीचं नाव हा तिचा सगळ्यात कच्चा धागा असतो. पाटीवर ‘अमुक मोटर्स’ असायचं, भागीदारी ‘अमुक आणि मंडळी’ या नावाने नोंदलेली असायची आणि जागा मालकाच्या आईच्या किंवा चुलत्याच्या नावावर. गावातले लोक या तिन्हींतलं एकही नाव घेत नसत. ते म्हणायचे ‘शेवरलेटवाले’, ‘फियाटवाले’. कंपनी बदलली की पाटी बदलायची, भाऊ वेगळे झाले की फर्म बदलायची. जागा मात्र तिथेच राहायची. म्हणून कागदांत मी जागेपासून सुरुवात करतो, नावाकडे शेवटी येतो.

तुम्हाला किती मिळेल हे तीन गोष्टींवर अवलंबून आहे. एजन्सी १ मार्च १९४९ च्या आधीची की नंतरची, ही पहिली. त्या दिवशी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. त्याआधीचे कागद संस्थानी दप्तरात आणि नंतरचे मुंबई सरकारच्या, असे दोन वेगळे गठ्ठे आहेत. जागा मालकीची होती की भाड्याची, ही दुसरी. भाड्याची असेल तर मालमत्तेच्या कागदांत एजन्सी दिसणारच नाही, फक्त घरमालक दिसेल. आणि धंदा भागीदारीत होता, एकट्याचा होता की प्रायव्हेट लिमिटेड कंपनी होती, ही तिसरी. एकट्याचा असेल तर कागद सगळ्यात कमी. ही तीन उत्तरं आधी मिळवा, कारण कुठल्या कार्यालयाची पायरी चढायची ते त्यावरून ठरतं.

आता कागदांच्याही आधी करायचं काम. आजोबांच्या हाताखाली शिकलेला एखादा पोरगा आज पंच्याहत्तर-ऐंशीच्या घरात असेल. शिवाजी उद्यमनगरात जा आणि जुन्या गॅरेजमध्ये आजोबांचं नाव सांगा, एजन्सीचं सांगू नका. मिस्त्री लोक मिस्त्रीला ओळखतात, मालकाला नाही. कागद आणखी दहा वर्षं थांबतील, ही माणसं थांबणार नाहीत. मी स्वतः दोनदा उशिरा पोचलोय. एकदा तर दहाव्याच्या दिवशी.

त्यांना साल विचारू नका. ‘एजन्सी कधी बंद झाली?’ असं विचारलं की माणूस भांबावतो आणि काहीतरी आकडा देऊन टाकतो. गाडी विचारा. ‘तुम्हाला पहिल्यांदा कुठल्या गाडीखाली झोपवलं?’ याचं उत्तर मिस्त्री कधी चुकत नाही. तो म्हणाला, ‘डुक्कर फियाट, दारं उलटी उघडायची,’ तर काळ १९६४ च्या आसपासचा किंवा त्याआधीचा, कारण नंतर आलेल्या फियाट डिलाइटची दारं नेहमीसारखी उघडत. ‘लँडमास्टर’ म्हणाला तर अँबॅसडर यायच्या आधीचा काळ, म्हणजे १९५७-५८ च्या अलीकडे येऊ नका. ‘हेरल्ड नवीन आली होती’ म्हणाला तर १९६१ नंतरचा. ‘आम्ही असताना फियाटची पद्मिनी झाली’ म्हणाला तर १९७० चं दशक. अशा तीन-चार माणसांची उत्तरं शेजारी शेजारी मांडली की एजन्सीचं आयुष्य दोन-तीन वर्षांच्या फरकाने हातात येतं.

यासाठी त्या काळच्या धंद्याची चाल माहीत हवी, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो. तुमची एजन्सी का मिटली याचं उत्तर बहुधा यातच आहे.

मोटार एजन्सी म्हटलं की आज काचेची शोरूम डोळ्यांपुढे येते. त्या काळी जिल्ह्याच्या गावातली एजन्सी म्हणजे पुढे एक-दोन गाड्या, मागे गॅरेज, बाजूला टायर-ट्यूबचं कोठार आणि दारात पेट्रोलचा पंप. मोटारी विकून तिचं पोट भरत नव्हतं. संस्थानिक, इनामदार, मोठे वकील-डॉक्टर असं मोजकं गिऱ्हाईक. खरा धंदा लॉरी आणि बसच्या चासींचा, म्हणजे बॉडी न बसवलेल्या सांगाड्यांचा होता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, आणि पेट्यांतून सुटे भाग आणून इथे जोडलेली शेवरलेट जिल्ह्या-जिल्ह्यांतल्या विक्रेत्यांकडे जायला लागली. फोर्डचंही तसंच. या चासी घेणारे म्हणजे खासगी मोटार सर्व्हिसवाले, गावोगाव प्रवासी वाहणारे. एकेकाकडे दोन-तीन गाड्या, हप्त्याने घेतलेल्या.

मग १९४८ पासून पाच-सहा वर्षांच्या आत दोन धक्के बसले. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एसटीची पहिली बस धावली, आणि पुढच्या काही वर्षांत प्रवासी वाहतुकीचे मार्ग एकामागून एक सरकारकडे गेले. सर्व्हिसवाल्यांचा धंदा बसला. जिल्ह्याच्या एजन्सीचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक तेच होतं. दुसरा धक्का दिल्लीहून आला. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने सांगितलं की देशात उत्पादन करण्याची ज्यांची योजना आहे त्यांनीच इथे राहावं, नुसती जुळणी करणाऱ्यांनी आवरतं घ्यावं. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने शिवडीचं काम थांबवलं. फोर्डही गेली. ज्याच्या पाटीवर ‘शेवरलेट’ होतं त्याच्याकडे विकायला माल उरला नाही. काहींनी वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची एजन्सी धरली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, फार्गो, प्लिमथ निघत आणि पुढे फियाट. काही हिंदुस्तान मोटर्सकडे वळले. काहींना टाटा-मर्सिडीजचे ट्रक मिळाले, ते जमशेदपूरला १९५४ पासून निघायला लागले होते. ज्यांना काहीच मिळालं नाही ते नुसतं गॅरेज म्हणून राहिले.

तुमचे आजोबा नेमके याच वर्षांत तिथे होते. आजींना एकच विचारा. आजोबा घरी यायचे तेव्हा कुठल्या कंपनीचं नाव त्यांच्या तोंडात असायचं, आणि ते मध्येच बदललं का? बदललं असेल तर १९५३ ते ५६ हा काळ काळजीने बघा. पाटी त्याच सुमारास बदललेली असणार.

पुढची गोष्ट १९५९ ची. मोटारींच्या वितरणावर आणि विक्रीवर सरकारने नियंत्रण आदेश काढला. गाड्या कमी आणि मागणी जास्त, म्हणून नोंदणीच्या क्रमाने गाडी द्यायची. फियाटसाठी लोक वर्षानुवर्षं थांबायचे. विक्रेत्याकडे त्याचं एक जाड रजिस्टर असायचं, नाव, तारीख, क्रमांक. असं रजिस्टर मी एकदाच पाहिलंय, एका वकिलांच्या माळ्यावर. लाल कापडी बांधणी, पानांच्या कडा उंदरांनी खाल्लेल्या, आणि जवळजवळ प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने तीन-तीन, चार-चार तारखा. गिऱ्हाईक ‘कधी मिळणार’ म्हणून विचारायला आलं की तारीख टाकायची अशी त्यांची पद्धत होती. गावातल्या कुठल्या घरात मोटार कधी आली, ते त्यात दिसतं. मालकांच्या घरच्यांशी गाठ पडली तर या रजिस्टरबद्दल मुद्दाम विचारा. लोक रोजमेळ आणि खतावण्या जपून ठेवतात आणि हे रद्दीत घालतात.

आता तुमच्या हातातल्या दोन वस्तू. पितळी पट्टी विक्रेत्याची असते, गाडी विकताना डॅशबोर्डवर रिव्हेट मारून बसवलेली. ती घासून चकचकीत करू नका. खिडकीजवळ, उजेड एका बाजूने तिरका पडेल अशी धरून फोटो काढा. झिजलेली अक्षरं सावलीने वर येतात. तीन गोष्टी बघा: कंपनीचं नाव, गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग आणि टेलिफोन नंबर. नंबर दोन किंवा तीन आकडी असेल तर पट्टी जुनी, एक्स्चेंज लहान असतानाची. जुनी टेलिफोन डिरेक्टरी कुठे मिळाली तर तोच नंबर पुढच्या-मागच्या वर्षांत कुणाच्या नावावर आहे ते पाहा. पाटीवरचं नाव आणि फर्मचं नाव यांची गाठ मला दोन वेळा अशीच सापडली. घरात एखादं पत्र किंवा बिल निघालं तर त्यावर ‘तार’ म्हणून एक शब्द छापलेला असेल, टेलिग्रामसाठीचा छोटा पत्ता, तोही टिपून ठेवा. पाटी बदलली तरी पुष्कळ जण तारेचा पत्ता जुनाच ठेवत.

फोटोबद्दल तुम्ही लिहिलंय की सात-आठ माणसं गाडीसमोर उभी आहेत आणि पुढे जमिनीवर काहीतरी मांडलेलं आहे. ते पाने, हातोडे, जॅक असतील आणि त्यांवर झेंडूची फुलं असतील तर हा खंडेनवमीचा फोटो. गॅरेजमध्ये त्या दिवशी हत्यारांची पूजा व्हायची, सगळे कामगार हजर असायचे, आणि फोटोग्राफरला बोलवायचं असेल तर तोच दिवस. गाडीच्या बॉनेटवर साखरेच्या गाठी दिसल्या तर पाडवा. यातून साल कळत नाही, पण वर्तमानपत्राचे कुठले आठवडे उघडायचे ते कळतं. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर त्या स्टुडिओत जा. एका स्टुडिओच्या पोटमाळ्यावर मला एजन्सीच्या दर्शनी भागाची काचेची निगेटिव्ह मिळाली होती. मालकांच्या घरी तो फोटो नव्हता.

मग जागा. मंगल कार्यालय चालवणाऱ्यांना भेटा आणि लग्न नसलेल्या दिवशी आत जाऊन बघा. दर्शनी बाजूला दोन गाड्या शेजारी जातील एवढी रुंदी, मध्ये खांब नाही, वर लोखंडी तुळई. मागच्या बाजूला, जिथे आता स्वयंपाक होत असेल, तिथे फरशीत अडीच-तीन फूट रुंद आणि बारा-पंधरा फूट लांब असा वेगळ्या रंगाचा पट्टा दिसतो का ते पाहा. तो सर्व्हिसिंगचा खड्डा, बुजवलेला. तुमचे आजोबा त्यात उभे राहून काम करत होते. त्याचं मोजमाप घ्या, फोटो काढा. इमारत पाडून नवीन बांधली असेल तर हे मिळणार नाही, पण शेजारच्या जुन्या इमारतींतल्या लोकांना विचारता येईल.

त्या जागेचा सिटी सर्व्हे नंबर काढा. कोल्हापुरात वॉर्डाचं अक्षर लागतं, स्टेशन रोडजवळचा शाहूपुरीचा भाग ‘ई’ वॉर्डात येतो. नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा उतारा घ्या, आणि फक्त आजचा घेऊ नका, जुन्या फेरफार नोंदींसकट मागा. कोण धारक होता, कधी विकली, वारसाने आली की खरेदीने, बोजा कुणाचा चढला, हे त्यात येतं. बँकेचा किंवा पतपेढीचा बोजा चढल्याची तारीख मला नेहमी फार बोलकी वाटते. धंदा वाढवायला घेतलेलं कर्ज असतं, नाहीतर बुडायला लागल्यावरचं. फेरफारात दस्ताचा क्रमांक असला तर दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांची यादी बघून त्या खरेदीखताची किंवा भाडेपट्ट्याची नक्कल मागता येते. अलीकडच्या काही दशकांचीच सूची ऑनलाइन आहे, तुमच्या काळासाठी प्रत्यक्ष जावं लागेल. भाडेपट्टा मिळाला तर सोनं समजा. जागेचं वर्णन, चतुःसीमा, भाडं आणि ‘मोटारींचा व्यापार व दुरुस्ती’ असा वापर, सगळं एका ठिकाणी लिहिलेलं असतं.

जागा भाड्याची असेल तर महापालिकेत जा. कोल्हापूरची महापालिका १९७२ मधली, त्याआधी नगरपालिका होती. घरपट्टीच्या जुन्या आकारणी रजिस्टरात मालकाबरोबर भोगवटादाराचंही नाव लिहिलेलं असतं, आणि एजन्सी तिथे सापडते. रजिस्टरं जपलीत की नाहीत, हे नशिबावर आहे. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज करता येतो. पण ‘अमुक एजन्सीची सर्व माहिती द्या’ असा अर्ज केलात तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येईल. ‘अमुक सिटी सर्व्हे नंबरच्या १९५० ते १९७५ या काळातल्या आकारणी नोंदींची पाहणी करू द्यावी’ असं लिहा. पाहणी मागितली की रेकॉर्ड रूमचं दार उघडतं, आणि तिथल्या जुन्या कारकुनाशी ओळख झाली की निम्मं काम झालं.

पेट्रोल पंपाचा धागाही सोडू नका. दारात पंप होता का, हे म्हाताऱ्या माणसांना हमखास आठवतं. पेट्रोल साठवायला १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याखाली परवाना लागायचा आणि त्या अर्जाला जागेचा नकाशा जोडावा लागायचा. स्फोटके विभागाचं मुख्यालय नागपूरला आहे. जिल्हाधिकारी कार्यालयातही ना-हरकतीची फाइल झालेली असते. एजन्सीच्या जागेचा मापाने काढलेला नकाशा मिळण्याची शक्यता या फायलीत सगळ्यात जास्त. शिवाय पंप बर्मा-शेलचा होता की एस्सोचा, हे कळलं तर पुढची वाट दिसते. एस्सोचे पंप १९७४ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियमकडे गेले, बर्मा-शेलचे १९७६ मध्ये सरकारकडे जाऊन भारत पेट्रोलियम झाले. एजन्सी बंद पडूनही पंप चालू राहिला, अशी उदाहरणं पुष्कळ आहेत. तसं असेल तर आजचा पंपवाला मूळ घराशी नातं सांगणारा निघू शकतो.

वर्तमानपत्रांकडे लोक आधी धावतात आणि दोन दिवसांत कंटाळतात, कारण रोजचा अंक चाळत बसतात. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं आहे, तिथून सुरुवात करा, तिथे चौकशी केली की ‘पुढारी’, ‘सत्यवादी’ यांच्या जुन्या फायली कुठे बघायला मिळतील ते कळेल. प्रत्येक वर्षाचे तीनच आठवडे उघडा: पाडवा, दसरा, दिवाळी. गाडी मुहूर्तावर घरी यायची, म्हणून एजन्सी जाहिरातही तेव्हाच द्यायची. तीन आठवड्यांत नाव नसेल तर उरलेल्या वर्षात नसण्याची शक्यता मोठी. दुसरं, ‘जाहीर नोटीस’चा रकाना. भागीदारी मोडली, अमुक भागीदार निवृत्त झाला, यापुढे त्याच्या व्यवहारास फर्म जबाबदार नाही, हे तिथे छापलेलं असतं. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या कंपन्यांच्या मोठ्या जाहिराती मात्र सोडू नका. त्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत गावोगावच्या विक्रेत्यांची यादी असायची. ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे जुने अंक संगणकावर शोधता येतात, ज्या ग्रंथालयाने त्याची वर्गणी भरलीय तिथे जाऊन. ‘कोल्हापूर’ हा शब्द आणि गाडीचं नाव असं एकत्र शोधा. स्पेलिंग बदलून बदलून पाहा. यादीत नाव पहिल्यांदा कुठल्या वर्षी आलं आणि कुठल्या वर्षापासून गळालं, या दोन तारखा एजन्सीबद्दल मिळणाऱ्या सगळ्यात भरवशाच्या तारखा.

आणि आता नाव. इथवर आलात की फर्मचं खरं नाव तुमच्याकडे असेल. भागीदारी असेल तर फर्म निबंधकांकडे नोंदवहीचा उतारा मागा, त्यात कोण भागीदार कधी आला आणि कधी गेला ते असतं. तो १९३२ च्या भागीदारी कायद्याखालचा असतो आणि कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, म्हणून १९४९ च्या आधीची नोंद तिथे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. त्या काळासाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात संस्थानी दप्तर आहे. दरबाराने तुमच्या एजन्सीकडून गाडी, टायर किंवा पेट्रोल घेतलं असेल तर बिलाच्या निमित्ताने नाव येऊ शकतं. दसऱ्याला आजही दरबारची जुनी मेबॅक मोटार निघते त्या गावात दरबारचा मोटारखाना लहान नव्हता. प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी निबंधकांच्या संकेतस्थळावर बंद झालेल्या कंपन्यांचीही नावं दिसतात. आणि एक वाट लोक विसरतात, ती न्यायालयाची. विक्रीकर, भाडेकरूचा ताबा, हप्त्याने घेतलेल्या ट्रकची जप्ती, अशा खटल्यांत एजन्सींची नावं येतात. उच्च न्यायालयाचे छापले गेलेले निकाल ‘इंडियन कानून’ या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. निकालाच्या सुरुवातीला न्यायाधीश हकिकत सांगतात, ती वाचा. धंद्याचा आणि भांडणाचा इतिहास तारखांसकट, शपथेवर सांगितलेला, असा दुसरीकडे कुठे मिळत नाही.

आरटीओकडून फार आशा ठेवू नका. १ जुलै १९८९ पासून नवा कायदा लागू झाला, गाड्यांना एमएच-०९ सारखे क्रमांक आले, आणि त्याआधीची तीन अक्षरी क्रमांकांची रजिस्टरं मी मागितली तेव्हा मला कुठेच पूर्ण मिळाली नाहीत. एखाद्या जुन्या गाडीचं मूळ नोंदणी पुस्तक घरात असेल तर ते मात्र बघाच. पहिल्या मालकाचं नाव, तारीख आणि कधी कधी विक्रेत्याचा शिक्का त्यात असतो.

एक चूक माझ्या हातून झालीय ती सांगतो, तुमच्या हातून होऊ नये म्हणून. एका गावातल्या एजन्सीच्या पाटीवर ‘स्थापना १९३४’ असं होतं. मी ते तसंच लिहिलं आणि ते एका स्मरणिकेत छापून आलं. दोन वर्षांनी त्या घरच्या थोरल्या सूनबाईंनी ट्रंकेतून रोजमेळ काढून माझ्यापुढे ठेवले. १९३४ मध्ये सुरू झालं होतं ते भाड्याने सायकली देण्याचं दुकान. मोटारीचा पहिला व्यवहार होता लढाईनंतर डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराने विकायला काढलेल्या मालात घेतलेल्या जीपचा, रोजमेळात ‘जीप गाडी एक’ अशी नोंद. ते साल आजही लोक माझ्या लेखावरून उचलतात आणि मला ते लागतं. तेव्हापासून पाटी, कॅलेंडर, कुटुंबाची आठवण आणि सरकारी कागद यांतल्या निदान दोन वेगळ्या ठिकाणी जुळल्याशिवाय मी तारीख लिहीत नाही. जुळत नसेल तर ‘साधारण’ लिहितो.

हेच एजन्सी बुडण्याच्या गोष्टींना लागू. ‘धाकट्याने पैसे उडवले’, ‘मुनिमाने फसवलं’ असं गावात ऐकायला मिळेलच. त्या घरची नातवंडं आज कुठेतरी नोकरी करत असतील, त्यांना हे वाचावं लागेल. फियाट-अँबॅसडरवर उभ्या असलेल्या कितीतरी एजन्सी १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आल्यावर पुढच्या काही वर्षांत खचल्या, त्यात कुणाच्या धाकट्याचा दोष नव्हता. कागद सांगत असेल तेवढंच लिहा, आणि छापण्याआधी त्या घरी एकदा वाचून दाखवा. मला बऱ्याचदा त्या वाचनानंतरच ट्रंक उघडून मिळालीय.

पुढच्या रविवारी आजींजवळ बसाल तेव्हा फोटो मोठा करून घेऊन जा. मागे उभी असलेली गाडी नीट पाहा, तिला केबिन आहे का? नुसती चासी असेल, म्हणजे इंजिन, स्टिअरिंग आणि बसायला लाकडी खोकं, तर ती मुंबईहून चालवत आणलेली. खंडाळ्याचा घाट, कात्रज, खंबाटकी असा रस्ता, ऊन-पाऊस अंगावर घेत, डोळ्यांना गॉगल आणि डोक्याला टॉवेल. बॉडी इथे आल्यावर बांधायची. अशी चासी आणायला ड्रायव्हरबरोबर फिटर पाठवायची पद्धत होती, वाटेत काही झालं तर हात लावायला. आजोबा मुंबईला जायचे का, किती दिवसांनी परत यायचे, येताना काय आणायचे, हे आजींना विचारा. त्या जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत, मध्ये न थांबवता टिपून घ्या.